एकशे वीस, ऐंशी

आमच्या गल्लीत चौदा घरं आणि आठ विधवा. त्यातली एक मी, रत्नम्मा. शाळेत बाई होते, आता पेन्शनवर घरी बसून सगळ्यांना बोलत असते. विधुर शोधायला गेलात तर एकटे गुरुबसप्पा सापडतील, तेही दम लागून ओट्यावर बसलेले. जगात सगळीकडेच बायका पुरुषांपेक्षा चार-पाच वर्षं जास्त जगतात, असं प्रभाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी म्हटलं, आमच्या गल्लीत येऊन मोजलं असतं तर पंधरा भरली असती की.

प्रभा म्हणजे आमची आशाताई, सरकारी आरोग्य कार्यकर्ती, माझ्या समोरच्याच घरातली. अकरा वर्षं ती उन्हातान्हात दारोदार फिरतेय. बीपीचं मशीन मिळाल्यावर पहिला पट्टा तिनं माझ्या दंडाला बांधला आणि आकडा बघून मला ओढतच दवाखान्यात नेलं. तिथल्या गोळ्यांवर मी आज जिवंत आहे. दुपारी बायका घरात असायच्या, तांदूळ निवडता निवडता हात पुढं करायच्या. पुरुष कुठले सापडायला! सकाळी सहाला चिंचोळी एमआयडीसीच्या गाडीत बसले की अंधार पडल्यावर परत. सुट्टीच्या दिवशी गाठलं तर अंगावर यायचे.

प्रभाचा नवरा गोपाळ त्यातलाच. तो माणूस कधी कुणाला वाकडं बोलला नाही, पण मशीन बघितलं की चप्पल घालायचा. "मला काय धाड भरलीय," म्हणायचा आणि कोपऱ्यावर जाऊन तंबाखू मळत उभा राहायचा. प्रभा चिडायची, मग हसायची. मी दोघांनाही झापायची. काय उपयोग!

आणि वरून तगादा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी महिनाअखेर भरून द्या, एक रकाना मोकळा दिसता कामा नये. शेवटी प्रभानं घरी बसून रजिस्टरात पुरुषांचे सगळे रकाने न मोजताच भरून टाकले. एकशे वीस, ऐंशी. कुणाला संशय नको म्हणून मध्येच एकशे अठरा. गोपाळचंही त्यातच भरलं. बायकांचे आकडे तेवढे खरे.

मार्गशीर्षात गोपाळ कंपनीत मशीनवर काम करता करता कोसळला. बावन्न वर्षांचा गडी. दवाखान्यात मी प्रभाच्या शेजारी उभी होते. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, बीपी बरीच वर्षं वाढलेलं असणार, कधी तपासलं होतं का? प्रभानं तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं, धक्क्यानं वाचा बसली असेल. तिसऱ्या दिवशी तो गेला. मातीला माणसं जमायच्या आधी स्वयंपाकघरात माझा हात धरून तिनं ते रकान्यांचं सांगितलं. मला तिचा संताप आला, खोटं कशाला सांगू. अगं बाई, निदान त्याच्यापुरतं तरी! पण तिचं तोंड बघून मी शब्द गिळले. त्यानं पट्टा बांधून घेतलाच नसता, असं मी तिला दिवसातून दहादा सांगत होते. तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती.

नवव्या दिवशी कंपनीतला सोमशेखर भेटायला आला. गोपाळच्या शेजारच्या मशीनवरचा. प्रभाला बरं वाटावं म्हणून बोलायला लागला. दिवाळीपासून गोपाळचं डोकं दुखत होतं, मान धरायची. सोमशेखरनं त्याला दोनदा सांगितलं, कंपनीच्या डॉक्टरला दाखव, मी येतो संगं. गोपाळ तयारही झाला होता.

"मग गेले का न्हाईत?" प्रभानं विचारलं.

"तुमचं रजिस्टर त्यानं घरी बघितलं हुतं की, वैनी. म्हणला, त्यात माझं नॉर्मल हाय. मी हात देत न्हाई म्हणून मी झोपल्यावर मोजत असंल ती. लई कौतुकानं सांगत हुता."

त्या माणसाचं तोंड दाबावं असं मला वाटलं. पण तो बोलून बसला होता.

प्रभा सेहेचाळीसची आहे. परवा मी तिला समोर बसवून तिचं बीपी मोजायला लावलं. अगदी चांगलं आहे, साखरही नाही. अजून तीस वर्षं तरी ती जगणार.