कल्पना कुठे सुचली

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, सिमेंटच्या कारखान्यात फिटर आहेत. एकतीस वर्षं धुराड्याखाली व्हॉल्व्ह आणि पाइप यांच्या संगतीत गेली. बोलणं मोजकं, हात कसबी, आणि खोटं बोलायची वेळ आली की घसाच बसतो. त्या घशानेच घात केला.

कारखान्याने विद्यापीठाशी करार केला होता. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता पकडायचा, सिलिंडरमध्ये भरायचा आणि विजेच्या जोरावर त्याचं फॉर्मिक ॲसिड करायचं. मुंगी चावल्यावर जी आग होते, ती याच ॲसिडची. कातडी कमावणाऱ्यांना ते लागतं. वायू कारखान्याचा, डोकं विद्यापीठाचं. दोहोंच्या मध्ये पाइप जोडायला माणूस हवा, म्हणून दाजींना तीन वर्षांसाठी प्रयोगशाळेत धाडलं. नोकरी इकडची, बसणं तिकडे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापक बाईंना सगळे मॅडम म्हणत, आणि दाजींना मामा. वायूचं ॲसिड करणारा जो सेल मॅडमनी दाखवला, तो जेमतेम वहीएवढा होता. दोन पत्र्यांमध्ये दाबून बसवलेले पातळ थर, एका अंगाने वायू, दुसऱ्या अंगाने क्षाराचं पाणी. दाजी घरी येऊन ताईला म्हणाले, "त्या डबीला आपलं धुराडं भरवायचं, म्हणजे मुंगीच्या ताटात हत्ती वाढायचा."

मुंगीला तो हत्ती पचेना. सेल सत्तर तास नीट चाले, मग गुदमरे. ज्या थरातून वायू आत शिरायचा, त्याच्या बारीक छिद्रांत पांढरा क्षार साचे. मॅडम नवा थर बसवत, पुन्हा सत्तर तास, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. सव्वा वर्ष असंच गेलं.

एका रविवारी ताईला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, श्वास घेता येईना. दाजींनी पातेल्यात पाणी उकळून तिला वाफारा दिला. डोक्यावरचा टॉवेल बाजूला करत ती म्हणाली, आता कुठे आतलं सगळं सुटलं. दाजी पातेलं हातात घेऊन तसेच उभे राहिले. सिलिंडरमधून येणारा वायू कोरडा ठणठणीत होता. तोच आतलं पाणी शोषत असणार, आणि मागे क्षार उरत असणार.

सोमवारी त्यांनी मॅडमना विचारून वायू आधी कोमट पाण्यातून सोडला. सत्तर तास झाले, शंभर झाले, हजार झाले. मॅडमनी पेटंटच्या अर्जात दाजींचं नाव घातलं. तो कागद ताईने तेवढ्या एका ओळीपुरता चार वेळा वाचला.

अर्ज वकिलांकडे गेला आणि तिथेच माशी शिंकली. कारखान्याचं म्हणणं, माणूस आमचा, म्हणून कल्पना आमची. विद्यापीठाचं म्हणणं, प्रयोगशाळा आमची, म्हणून कल्पना आमची. दाजींना जबाब द्यायला बोलावलं. आदल्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर त्यांना गोडीत म्हणाले की कारखान्यात फेरी मारताना सुचलं एवढंच सांगा. मॅडम मात्र म्हणाल्या, "मी तुम्हाला काही शिकवणार नाही, मामा."

लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना दोन वकील बसले होते.

"ही कल्पना तुम्हाला नेमकी कुठे सुचली?"

"घरी."

"कामाच्या वेळेत?"

"रविवार होता. बायकोला सर्दी झाली होती."

कुणी हसलं नाही. दोघांनीही ते लिहून घेतलं, आणि त्या दिवसापासून दोघांनाही वाटायला लागलं की हा माणूस स्वतःचाच हक्क सांगतोय. दाजी म्हणाले, मला काही नको, लिहून देतो. पण हक्क सोडायचा कुणाच्या नावे? एकाच्या कागदावर सही केली की दुसरा कोर्टात जाणार. दोन्ही कागद सहीविनाच राहिले.

मग करारात नेमलेल्या लवादाचा हुकूम आला: मालकीचा निकाल लागेपर्यंत काम बंद, सेल आहे तसा सीलबंद. तेव्हा तो सोळाशे बारा तास चालला होता. करारात दोन हजारांची अट होती. वायूची जबाबदारी कारखान्याच्या माणसावर, म्हणून व्हॉल्व्ह बंद करणं दाजींच्याच वाट्याला आलं. त्यांनी तो बंद केला आणि सील लावायला आलेल्या साहेबांना म्हणाले, "निदान आतलं पाणी काढू द्या. तसंच राहिलं तर क्षार धरेल, मग सेल कामाचा राहणार नाही."

साहेबांनी कागद पुढे केला. आहे त्या स्थितीत, असं त्यात लिहिलं होतं. दाजी पाना हातात धरून उभे राहिले. मॅडमनी खाली मान घालून सही केली.

दाजी कारखान्यात परत आले. तिथले लोक त्यांना शास्त्रज्ञ म्हणायला लागले, थट्टेनेच. आणखी तीनदा जबाबाला बोलावणं आलं, तीनदा तोच प्रश्न आणि तेच उत्तर. एकदा ताई वैतागून म्हणाली, "अहो, कुणाचं तरी एकाचं नाव घ्या आणि मोकळे व्हा." ते म्हणाले, "घेतलं असतं गं. पण उद्या दुसऱ्याने विचारलं तर काय सांगू?" ताईला अपराधी वाटे, जणू सर्दी तिने मुद्दाम आणली होती.

कराराची मुदत संपली. ती वाढवायला कुणी पुढे आलं नाही.

परवा दुपारी मॅडमचा फोन आला. सेल ज्या काचेच्या कपाटात सीलबंद होता, ते प्रयोगशाळेतून आता तळघरात हलवणार होते. काचेतून सेलच्या कडेला पांढरं आलेलं दिसतंय, असं त्या सांगत होत्या. दाजींनी विचारलं, दहा मिनिटं उघडता येईल का, मी येऊन नुसता धुऊन देतो.

"दोन कुलपं आहेत, मामा," मॅडम म्हणाल्या. "एकाचीही किल्ली माझ्याकडे नाही."

दाजींनी बरं म्हणून फोन ठेवला. पाळी संपायला अजून तीन तास होते, ते त्यांनी काढले. घरी आल्यावर ताईने विचारलं, तेव्हा मॅडमचा फोन होता एवढंच म्हणाले, आणि हात धुवायला गेले.