सटवाजीचा कमावलेला हात

निजामाच्या अमदानीत पालमच्या तालमीत सटवाजी नावाचा एक गडी होता. ईश्वराने आपल्याला दोन हात दिले आणि बाकीचा देह त्यांना टेकू म्हणून दिला, असे त्याचे ठाम मत होते. वृद्ध वस्ताद व्यंकटराव गादी सोडणार, हे कानावर येताच ती आपल्यालाच मिळावी या ध्यासाने त्याने दांडपट्ट्याच्या पात्याला शिसे बांधले. पहाटे तो जड पट्टा, मग जोर, मग घरातले सगळे तूप, असा क्रम सुरू झाला. पट्ट्याच्या मुठीवर कोपरापर्यंत लोखंडी खोळ असते. तीत त्याचा हात आता तेल लावल्याखेरीज शिरेना. ही त्याला प्रगतीची खूण वाटली.

“अवो, पायाला बी काही शिकवा,” पत्नी मनकर्णाबाई म्हणाली. “नुसता वरचा मजला बांधायलाय तुमी!”

“तुला काय कळतंय पट्ट्यातलं?”

“तुपातलं कळतंय. गाडगं रिकामं हाय.”

दुसरा उमेदवार रायभान मेंढपाळ होता. तो पवित्रे घोटी आणि उगारलेला पट्टा अधांतरी थांबवी. सटवाजी हसे, “मारायचं सोडून थांबवायलाय येडं!”

नागपंचमीला तहसीलची इजाजत घेऊन मैदान भरले. रिवाज असा, की उमेदवारांनी एकमेकांच्या तळहातावरचे लिंबू कापावे. कातडीला ओरखडा उमटता कामा नये.

आधी रायभानची पाळी. सटवाजीने मोठ्या शौर्याने हात पुढे केला आणि तितक्याच शौर्याने डोळे मिटले. उघडले तेव्हा लिंबाच्या दोन फोडी झाल्या होत्या. बोटे जागेवर होती.

मग सटवाजीने पात्याचे शिसे काढून पट्टा हवेत फिरवून पाहिला. हलक्या झालेल्या पट्ट्याने त्यालाच गर्रकन फिरवले. रायभानने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“वस्ताद, उद्या मेंढरं कातरायची हायेत. हात लागत्यात.”

मैदान खदाखदा हसले. तालमीतल्या इतरांना त्याच क्षणी आभाळात काहीतरी पाहण्यासारखे दिसले. अखेर लिंबू बाभळीच्या ठोकळ्यावर ठेवले गेले. सटवाजीने सर्वस्व पणाला लावून वार केला. लिंबू शाबूत घरंगळले. पट्टा ठोकळ्यात रुतला.

तो निघेना. खोळीतून हातही निघेना.

“गादी रायभानची,” व्यंकटराव शांतपणे म्हणाले. “सटवाजी, ठोकळा तुझा.”

हातात अडकलेल्या पट्ट्यासकट ठोकळा ओढत तो घरी पोहोचला. मनकर्णाबाईने त्याला नखशिखान्त न्याहाळले.

“चला, सरपण तरी आणलंत,” ती म्हणाली. “तेल मातर मागू नगा. ते बी सरलंय.”