पाइप मुरवायचा असतो!

माझ्या नवऱ्याच्या तोंडात पाइप मी दिला. स्वतः निवडून, स्वतःच्या हातानं, आणि त्याच्या भल्यासाठी!

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पूर्णवेळ तंबाखू खायला लागले. नोकरीतही खायचेच, पण तेव्हा निम्मी तरी सरकारी वेळेत खाल्ली जायची. आता सगळी माझ्या घरात! तळहातावर तंबाखू घ्यायची, नखानं चुना लावायचा, अंगठ्यानं मळायची, फट् फट् झटकायची, ओठाखाली सारायची, आणि मग बराच वेळ नुसतं ‘ऊं’. मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते. घरी येऊन विचारावं, ‘‘मेथी करू का वांगी?’’ तर हे तोंड छताकडं करून म्हणणार, ‘‘ऊंऊं.’’ इतक्या वर्षांच्या संसारात त्यातलं मेथीचं ‘ऊं’ कोणतं आणि वांग्याचं कोणतं, हे मला कळलेलं नाही. माझ्या कुंड्यांबद्दल तर बोलायलाच नको. (त्यातला एक गुलाब पांढरा होता. होता!)

मग दाढ दुखायला लागली म्हणून यांना दातांच्या डॉक्टरांकडं नेलं.

‘‘तोंड उघडा.’’

‘‘उघडलंय की.’’

‘‘अजून उघडा.’’

‘‘एवढंच उघडतंय.’’

गालाच्या आतला पांढरा पट्टा डॉक्टरांनी मला टॉर्च लावून दाखवला. म्हणाले, ‘‘अजून वेळ गेलेली नाही, मॅडम. पण आता तंबाखू बंद म्हणजे बंद.’’ आणि हे? दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता डबी काढून म्हणतात, ‘‘बंदच करायची हाय ना? मग आहे तेवढी संपवू दे.’’

मी रडले, भांडले, डबी लपवली, अबोला धरला. (अबोला त्यांना कळलाच नाही. तोंडात तंबाखू होती.) शेवटी एकदा स्टाफरूममध्ये इतिहासाचे सर त्यांच्या वकील मामाच्या आठवणी सांगत होते. ‘‘मामा पाइप ओढायचा कमी आणि कोरायचा जास्त. भर, दाब, पेटव, विझला की परत पेटव, मग साफ कर. लय उस्तवार!’’ आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. आमचे हे पाण्याचा ग्लास स्वतः भरून घेत नाहीत. अशा माणसाला एवढी उस्तवार झेपेल? चार दिवसांत कंटाळून पाइप सोडेल, आणि पाइपसोबत तंबाखूच सुटेल! (हा बेत पुढं डॉक्टरांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, ‘‘मॅडम, याला आगीतून फुफाट्यात म्हणतात.’’ पण ते पुढं.)

परभणीत मी चौकशी केली. पानवाला म्हणाला, ‘‘पाइप समोरच्या दुकानात.’’ समोरच्या दुकानदारानं विचारलं, ‘‘अर्धा इंची का पाऊण?’’ मी म्हटलं, ‘‘ओढायचा.’’ तो म्हणाला, ‘‘विहिरीतून का बोअरमधून?’’

योगायोगानं यांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न हैदराबादेत निघालं. लग्न लागल्या लागल्या मी यांना ओढत एका जुन्या दुकानात नेलं. हे आत यायला तयार नाहीत. बाहेरच उभं राहून तंबाखू मळायला लागले. आत मी एकटी, काठापदराच्या साडीत, केसांत गजरा!

‘‘किसके वास्ते होना, मॅडम?’’ पांढऱ्या दाढीचे दुकानदार चाचा.

‘‘हमारे साहब के वास्ते.’’

‘‘साहब किधर हैं?’’

‘‘वो क्या, बाहर थूक रहे हैं.’’

चाचांनी मखमलीवर पाइप मांडले. सगळे ब्रायरचे म्हणे, म्हणजे परदेशी झुडपाच्या मुळाचं लाकूड, आगीला दाद न देणारं. सरळ दांडीचा घ्यावा तर तो दातात धरायला जड, आणि यांचे दात असे की जोरात शिंकही परवडत नाही. वाकड्या दांडीचा हनुवटीवर टेकतो. चाचा म्हणाले, ‘‘मुँह में रख के देखो. हवा बराबर आना.’’ साहेब बाहेर. मग ठेवला मी! आरशात पाहिलं. गजरा, कुंकू आणि पाइप. खरं सांगते, सरळ दांडीचा मला शोभत नव्हता. वाकडा बरा दिसला. तोच घेतला, आणि सोबत व्हॅनिलाच्या वासाच्या परदेशी तंबाखूची एक पुडी.

चाचांनी बजावलं, ‘‘नया पाइप नई दुल्हन है. पहले थोडा भरना, धीरे पीना, पूरा नीचे तक जलाना. बीच में छोडना नक्को. अंदर काला लेप चढता, तब पाइप बनता.’’ म्हणजे आपल्या लोणच्यासारखं. पाइपसुद्धा मुरवायचा असतो!

घरी आल्यावर मी पाइप यांच्या हातात दिला आणि समोर बसले, आता कंटाळतील म्हणून. हे आरामखुर्चीत रेलले, पाइप इकडून तिकडून पाहिला आणि माझ्यापुढं धरला.

‘‘भरून दे.’’

झालं! ज्या आळसावर मी सगळा डाव लावला होता, तो आळस उलटून माझ्याच अंगावर आला. शाळेतून आले की पर्स ठेवायची आणि पाइप भरायचा. खाली सैल, वर जरा दाबून. पेटवून द्यायचा. विझला की हाक. ‘‘अगंऽ, गेला!’’ परत काडी. काड्यापेट्यांचा एवढा खप वाढला की किराणेवाल्यानं विचारलं, ‘‘मॅडम, गॅसची टाकी संपली का?’’

बरं, यांना ओढताही येईना. मी सांगतेय हळू ओढा, आणि हे रसवंतीत नळीनं उसाचा रस प्यावा तसे ओढायलेत. पाइप तव्यासारखा तापायचा. त्यात मी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं की नव्या पाइपला आतून मधाचं बोट फिरवावं. मी फिरवलं. एक बोट काय पुरणार म्हणून सढळ हातानं फिरवलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पाइप तोंडात धरला आणि ‘‘आयायायाऽ’’ करत खुर्चीतून उडाले. दांडीतून मुंग्या! तांबड्या!

‘‘मला मारायलीस का सुधारायलीस?’’ हे ओरडले. (एक मात्र खरं, बऱ्याच दिवसांनी ते पूर्ण वाक्य बोलले.)

मुंग्या झटकून मी पुडीतून तंबाखू घ्यायला गेले, तर पुडी निम्मी! आणि स्वयंपाकघरातून खमंग, गोड, बेकरीत यावा तसा वास. आत आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तव्यासमोर बसलेल्या. आत्याबाई झरी गावच्या. सकाळ-संध्याकाळ तंबाखूची मिश्री लावल्याशिवाय त्यांचा दिवस उगवत नाही आणि मावळतही नाही. हैदराबादची ती व्हॅनिलाच्या वासाची परदेशी तंबाखू त्यांनी तव्यावर काळी होईस्तोवर भाजली होती आणि बोटानं दातांवर फिरवायल्या होत्या.

‘‘आत्याबाई! अहो, ती त्यांची होती!’’

‘‘माझ्या लेकाची न्हवं? मग माझीच,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘लय गोड हाय गं. पुढच्या बारीला जास्तीची आण.’’

म्हणजे एकाची तंबाखू सोडवायला निघाले आणि घरात दुसऱ्या माणसाला परदेशी मालाची चटक लावली!

मग तो रविवार उजाडला. हे आदल्या दिवशी इतक्या जोरात ओढून बसले होते की जीभ पोळली होती. साईच्या वाटीत जीभ बुडवून दिवाणवर पडलेले. बोलता येईना, जेवता येईना, चुन्याची तंबाखू तर दूरच. मी पाहिलं, पाइप अर्धाच जळालेला. चाचांचे शब्द आठवले, ‘बीच में छोडना नक्को’. एवढा निवडून आणलेला पाइप, अर्ध्यातच वाया जाणार? मी म्हटलं, वाया गेलेलं मला आवडत नाही. पेटवला आणि अंगणात फेऱ्या मारत हळूहळू ओढायला लागले. पहिल्या झुरक्याला ठसका लागला, पण नंतर जमलं की हो! एकदासुद्धा विझला नाही. तापलाही नाही. मला इतका अभिमान वाटला की मी धूर वर सोडून तो कुठवर जातो ते बघत होते.

आणि फाटक वाजलं.

व्याही आणि विहीणबाई! सेलूचे. पोखर्णीला नरसिंहाचं दर्शन घेऊन येताना न कळवता आलेले. आमची लेक वर्षा, म्हणजे त्यांची सून, पहिलटकरीण. तिला बाळंतपणाला माहेरी कधी पाठवायचं ते ठरवायला म्हणून आलेले. विहीणबाई कडक. त्यांच्या घरात लसूणसुद्धा विचारून फोडतात.

‘‘याऽ या ना!’’ म्हणत मी पळत आत गेले आणि हाताला लागेल तिथं पाइप खुपसला. दिवाणवरच्या लोडाच्या खोळीत! हे साईची वाटी घेऊन ‘‘ऊं! ऊं!’’ करत खुणावायले होते. पण त्यांच्या ‘ऊं’चा अर्थ मला कधी कळलाय?

व्याही आले आणि अर्थातच त्याच लोडाला टेकून बसले.

‘‘घरात वास लय भारी यायलाय,’’ व्याही म्हणाले. ‘‘केक करायलाव का?’’

‘‘हो! म्हणजे नाही! म्हणजे आत्याबाई करायल्यात!’’

विहीणबाई सरळ मुद्द्यावर आल्या. ‘‘वर्षाला पुढच्या महिन्यात पाठवावं म्हणतो आमी. तुमच्या घरचं वातावरण चांगलं, शिकली-सवरलेली माणसं...’’

‘‘गरम होयलंय का हो?’’ व्याह्यांनी विचारलं.

मी पंखा पाचवर केला. त्या वाऱ्यानं आतला विस्तव फुलला! व्याह्यांच्या पाठीमागून धुराची एक बारीक रेघ निघाली, मग जाड, आणि मग ते ‘‘अग्गागाऽ’’ करत उठले. सदऱ्याला मागं रुपयाएवढं भोक. मी तांब्याभर पाणी लोडावर ओतलं. निम्मं व्याह्यांवर गेलं. खोळीतून पाइप घरंगळत बाहेर आला आणि विहीणबाईंच्या पायाशी जाऊन थांबला.

‘‘हे काय हाय?’’

मी यांच्याकडं पाहिलं. बोला ना! सांगा की तुमचा आहे म्हणून! यांनी पोळलेली जीभ बाहेर काढून दाखवली आणि म्हणाले, ‘‘ऊं.’’ मी आशेनं आत्याबाईंकडं वळले. त्या दारात उभ्या, बोट काळं, दात काळे. म्हणाल्या, ‘‘सूनबाईनं आणलाय हैदराबादहून. आत्ताच ओढत व्हती की अंगणात. मी बघितलं.’’

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, हीच तर पंचाईत!

विहीणबाईंच्या चेहऱ्यावर राग येईल असं वाटलं होतं. आली ती दया! ती जास्त वाईट. त्यांनी माझा हात हातात घेतला. ‘‘कधीपासून हाय हे, ताई?’’

मी सगळं सांगितलं. दाढ, पट्टा, आळस, मुंग्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘सगळे असंच सांगतेत, की दुसऱ्यासाठी आणलं. हे बघा, तुमी हे सोडा. घरात तंबाखूचा कण दिसला नाही पाहिजे. मगच लेकराला पाठवू.’’ आणि पर्समधून पोखर्णीचा अंगारा काढून माझ्या कपाळाला लावला.

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण! मी काय करणार? पाइप न ओढण्याची शपथ घेतली.

ते गेल्यावर हे बराच वेळ दिवाणवर ओल्या लोडाशेजारी बसून होते. मग उठले. स्वतः उठले! चुन्याची डबी, तंबाखूची पुडी, पाइप, सगळं नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकलं. ‘‘पोरीसाठी,’’ एवढंच म्हणाले, तेही बोबडं. पुढचे दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. चिडायचे, रिकामा तळहात मळत बसायचे. पण परत हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, ‘‘पट्टा कमी होतोय.’’ त्या दिवशी मी दवाखान्यातच रडले. आत्याबाईंनी मिश्री सोडून मंजन धरलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं.

वर्षाला मुलगी झाली. बारशाला सगळी कॉलनी जमली होती. विहीणबाईंनी मला प्रेमानं मिठी मारली, जरा जास्तच वेळ, तोंडाजवळ नाक नेऊन. मग समाधानानं मागं सरून भरल्या घरात मोठ्यानं म्हणाल्या, ‘‘आमच्या विहीणबाईंनी पाइप सोडला बरं का! बाईमाणसानं मनावर घेतलं तर काय होत न्हाई?’’

बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे हेही वाजवत होते!

तेव्हापासून कॉलनीतल्या बायका आपापले तंबाखू खाणारे नवरे घेऊन माझ्याकडं येतात. ‘‘मॅडम, तुमी कसं सोडलं, ते जरा आमच्या ह्यांना सांगा.’’ सुरुवातीला मी खरं काय झालं ते समजावून सांगायचे. कोणी ऐकत नाही. आता मी त्यांना बसवते, पाणी देते आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणते, ‘‘पहिला आठवडा फार जड जातो हो. मला विचारा!’’