दादासोंच्या फरशीखालची माती

दादासो गलाईवाले दुकानातला केर कधी फेकत नाहीत. हा कंजूषपणा नव्हे, धंदाच तसा आहे. जुने दागिने वितळवून शुद्ध सोनं काढताना बारीक कण उडतात आणि फरशीच्या फटींत जाऊन बसतात. म्हणून हे लोक चार-पाच वर्षांनी फरशी उकरतात आणि खालची माती धुऊन त्यातलं सोनं काढतात. दादासो मात्र दर दिवाळीला उकरायचे. शेजारी माझं सायकलचं दुकान, त्यामुळे ती ठोकाठोकी माझ्या डोक्यात.

एकदा मी वैतागून विचारलं, तेव्हा सगळं कळलं. कडेगावकडचा हा माणूस बारा वर्षं समुद्रापलीकडच्या एका देशात भट्टी चालवत होता. तिथं एका जनरलचं राज्य. निवडणूक नाही, मोर्चा नाही, बंद नाही.

"लय निवांत गड्या," दादासो म्हणाले. "सायबाचा एक शब्द, की काम फत्ते. म्हटलं, हितं काय बदलतंय? पाच वर्सं फरशीला हात लावला न्हाई."

मग एका सकाळी दुकानाला सील. जनरलच्या पुतण्याला तोच धंदा करायचा होता. आदल्या दिवशी कुठं कुजबुजसुद्धा नव्हती. दादासो अंगावरच्या कपड्यांनिशी परतले आणि पाच वर्षांचं सोनं फरशीखालीच राहिलं.

यंदा आमच्या नगरपालिकेनं धुरामुळे भट्ट्या पेठेबाहेर हलवायचं काढलं. नोटिसा आल्या, हरकती झाल्या, मोबाइलवर शिव्यांचा पाऊस पडला. दुकान आता दादासोंची पुतणी पूजा चालवते. ती वैतागली. परदेशातल्या एका राजाच्या मुलखातून तिला भट्टी टाकायला बोलावणं होतं, आणि दुकान विकत घ्यायला गिऱ्हाईकही मिळालं होतं.

"काका, तिथं हुकूम म्हंजे हुकूम. हितला गोंधळ कोण निस्तरणार?"

दादासोंचा चेहरा पडला. परत आल्यावर शून्यातून उभी केलेली भट्टी होती ती. "सुनावणीपतूर थांब," एवढंच ते म्हणाले.

सुनावणीला मीही गेलो, तमाशा बघायला. मागच्या गल्लीतल्या मनुबाई उभ्या राहिल्या. "आवं दादासो, तुमच्या धुरानं माझी नात रातभर खोकती! उचला ती भट्टी!" दादासो आधी त्यांच्यावर ओरडले, मग सर्वांदेखत म्हणाले, "बाईचं खरं हाय." तीन तास भांडण चाललं. शेवटी ठरलं: महिन्यात उंच चिमणी आणि दोन वर्षांत गावाबाहेरच्या जागेत स्थलांतर. शिक्क्यासह कागद हातात.

बाहेर पडताना पूजा फणफणत होती. "साऱ्या गावासमोर शिव्या खाल्ल्या आपण."

"खाल्ल्या की. पर आधी आपल्याला इचारलं. तिकडं मला कुणी शिवीबी दिली न्हाई."

पूजानं तो कागद दोनदा वाचला आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. आठवड्यानं तिनं परदेशी नकार कळवला. मला भारी आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

दिवाळी आली. ठोकाठोकी सुरू होईल म्हणून मी दात-ओठ खात बसलो, पण शेजारी सगळं शांत. जाऊन पाहिलं तर पहार भिंतीला टेकलेली आणि दादासो पायरीवर चहा पीत बसलेले.

"यंदा फरशी उकरायची न्हाई?" मी विचारलं.

उत्तर आतून पूजानं दिलं. "दोन वर्सांनी. निघायची तारीख आमाला ठावं हाय."