आमची ओळ लाल होती तेव्हा

चहा करपल्याचा वास आला की चिखलदऱ्यातली ती दुपार आठवते. सून गावाला इंटरनेट पुरवते, तेच बंद पडलं होतं, घरात मोबाइलला रेंज नव्हती, अन् नातीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत तासाभरावर आली होती. इंटरनेटचे मार्ग खरे की खोटे, ते दाखवणारी वेबसाइट सुनेने उघडली, तर आमची ओळ लाल, म्हणजे खोटी. सून अमरावतीच्या ज्या कंपनीकडून इंटरनेट घ्यायची ती तिने बदलली होती, पण आमच्या मार्गाच्या नोंदीत जुनीच राहिली होती. सून म्हणाली, "आई, जगाले आपून चोर वाटून राहिलो." "मंग सांग ना जगाले!" "सांगतलं, नोंद बदलली. जगभर पसरायले वेळ लागते." नात खेकसली, "मुलाखत थांबते का?" मुलाखत थांबली नाही, हुकली. संध्याकाळी ओळ हिरवी झाली, सुनेने टाळ्या वाजवल्या. नातीने तिकडे पाहिलंही नाही. मी त्या गडबडीत करपलेलं चहाचं पातेलं घासत होते. त्याचं बूड अजून काळंच आहे.