कोंडाईबारीत न लागणारा ब्रेक

शनिवार, मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपार. कोंडाईबारी घाटाच्या माथ्यावर, रस्त्याच्या कडेला. हजर: भिका नाना, पिकअपचे मालक आणि ड्रायव्हर. सीताअक्का, त्यांच्या पत्नी. मी, या गाडीचं वायरिंग करणारी. मागे सावद्याची केळी, सुरतला जाणारी. गैरहजर: आमचे मेकॅनिक रफिकभाई. ते धुळ्याच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीखाली.

विषय एकच. नानांच्या गाडीला आम्ही बसवलेला एक्झॉस्ट ब्रेक गॅरेजमध्ये लागत होता, घाटात लागत नव्हता.

एक्झॉस्ट ब्रेक म्हणजे सायलेन्सरच्या पाइपमधली एक झडप. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की ती मिटते. धूर आत कोंडतो, इंजिनाला तो ढकलत बसावं लागतं आणि गिअरमधली गाडी आपसूक आवरते. चाकांच्या ब्रेकवर ताण येत नाही. भरलेल्या गाडीने लांब उतार उतरताना हे ब्रेक तापले, तर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. नानांचं एप्रिलमध्ये तेच झालं होतं. याच उतारावर चाकांतून धूर निघाला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत कशीबशी थांबली. शेजारी अक्का बसल्या होत्या. पिंपळनेरला घरी पोचल्यावर त्यांनी निकाल दिला, "नवा बिरेक लावा, नही ते गाडी इकी टाका."

गाडी विकायची म्हणजे नानांनी घरी बसायचं. ते त्यांना जमणारं नाही.

आम्ही ब्रेक बसवला. पहिल्याच फेरीत तो घाटात लागला नाही. नाना पहिल्या गिअरमध्ये रांगत खाली उतरले आणि परतताना थेट आमच्याकडे आले. रफिकभाईंनी अंगणातच गाडी रेस करून पाय काढला. झडप फस्सकन मिटली. पुन्हा केलं, पुन्हा मिटली.

नाना म्हणाले, "तुमना बिरेक घरजवाई शे. घर सोडीसन कोठेच जात नही."

आम्ही एकेक गोष्ट तपासली. झडप ओढणारा व्हॅक्युमचा पाइप ठीक. त्यातला व्हॅक्युम सोडणारा-अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, ठीक. मग दोन स्विच. एक क्लचच्या पेडलपाशी, एक ॲक्सिलरेटरपाशी. कुठलंही पेडल जरा दाबलं की करंट तुटतो आणि झडप उघडते. नाहीतर गाडी ओढत असतानाच इंजिन घुसमटेल. दोन्ही स्विच ठीक.

रफिकभाईंनी शेवटी विचारलंच, "नाना, डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये तर उतरत नाही ना?" न्यूट्रलमध्ये हा ब्रेक लागत नाही.

"न्यूट्रलमा उतारतू, ते म्हातारा व्हवाले वाचतू का मी?" नाना कडाडले.

अक्का पायरीवर बसून ऐकत होत्या. "शनवारे केळी भरानी शे. तवय भी नही लागना, ते सोमवारे गाडी इकानी. बस."

अंगणात न सापडणारा बिघाड अंगणात शोधण्यात अर्थ नसतो. शनिवारी मी सोबत निघाले. सोलेनॉइडच्या वायरला टेस्ट लॅम्प जोडून तो डॅशबोर्डवर चिकटवला. लॅम्प पेटला म्हणजे करंट पोचला, झडप मिटली. गाडीत चढताना नाना म्हणाले, "ताई, चपला काढा. गाडीमा देव शे." चपला पिशवीत घातल्या आणि दोघांच्या मध्ये बसले.

धुळ्यापासून साक्रीच्या पुढेपर्यंत लॅम्पने एकदाही दगा दिला नाही. नानांनी पाय काढला की पेटायचा, पाय ठेवला की विझायचा. अक्कांचा लॅम्पवर विश्वास नव्हता. त्या रस्त्याकडे बघत होत्या.

माथ्यावर नानांनी गाडी कडेला घेतली. इंजिन चालू, पाय पेडलवर नाही, लॅम्प पेटलेला. त्यांनी पाण्याचा कॅन उचलला, वाकले आणि ॲक्सिलरेटरला बांधलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर पाणी ओतलं.

लॅम्प विझला.

"नाना, हे काय केलं?"

"चढ चढीसन पेडल तापस, पाय भाजस ना, ताई. गाडी अनवानी चालाडतस आम्ही. घाट उतराना पहिले वल्लं करनं पडस."

गोणपाट मला धुळ्यापासून दिसत होतं. त्यात बघण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं. गाडी आमच्याकडे देताना नाना ते सोडून ठेवायचे, आमचे हात खराब होऊ नयेत म्हणून. आम्ही स्विच बसवला तो मोकळ्या पेडलला, अगदी चिकटून. भिजलेलं गोणपाट जड होतं, पेडल केसभर खाली जातं. इंजिनाला त्याचा पत्ता लागत नाही, स्विचला लागतो. त्याच्या लेखी नानांचा पाय पेडलवरच असतो.

पाना काढला, स्विचचं नट ढिलं केलं, स्विच जरा मागे सरकवून पुन्हा आवळलं. लॅम्प पेटला. नानांना आणखी पाणी ओतायला लावलं. पेटलेलाच राहिला.

"आता उतरा."

नानांनी दुसरा गिअर टाकला आणि पाय काढला. इंजिनाचा आवाज बदलला, जड झाला. मागून कुणी दोर धरून सोडत आणावं तशी गाडी उतरू लागली. पहिल्या वळणावर नानांनी ब्रेकचं पेडल एकदा दाबलं, तेही सवयीने. अर्ध्या घाटात अक्कांनी डॅशबोर्डवरची दांडी सोडली आणि पिशवीतून शेंगा काढल्या.

पायथ्याशी उतरून मी चाकाजवळ हात नेला. गरम होतं, पण हात ठेवता येत होता.

"काय अक्का?"

"काय सांगू? गाडी ऱ्हाऊ द्या." मग नानांकडे वळून, "पन ते गोनपाट बदला. वास मारस."

नाना हसत सुरतेकडे गेले. मी विसरवाडीहून एसटीने परतले.

धडा साधा आहे. गाडी जशी चालवली जाते तशी तपासायची, जशी गॅरेजमध्ये येते तशी नाही. आता आमच्याकडे ॲक्सिलरेटरचा स्विच ओलं गोणपाट बांधूनच सेट होतो. रफिकभाई त्यासाठी बूट काढतात आणि कुरकुरतात.

नानांच्या आधी तीन पिकअपना आम्ही तसेच चिकटून स्विच बसवले होते. दोन येऊन स्विच सरकवून गेल्या. तिसरी शिंदखेड्याची. मालकाला रोज फोन करते. लग्नसराईची भाडी चालू आहेत, उद्या येतो म्हणतो. त्याच्या पेडलला काय बांधलेलं आहे, ते मी अजून पाहिलेलं नाही.