व्याह्यांचा डावा हात

आमच्या व्याह्यांच्या डाव्या बाजूला बसून ज्यानं एकदाही छातीवर फटका खाल्ला नाही, असा माणूस शेंद्र्यापासून लासूर स्टेशनपर्यंत शोधून सापडायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. शेंद्र्याला कारखान्यांच्या कुंपणाला लागून त्यांची शेती आहे, आणि कांदा लासूरच्या मार्केटला न्यायला एक जुनीपुराणी पिकअप. या गाडीला कमरेला बांधायचे दोन पट्टे होते, ते व्याह्यांनी पहिल्याच वर्षी कापून विहिरीतली मोटार वर ओढायला वापरले. शेजारच्या माणसासाठी त्यांच्याकडे स्वतःचा डावा हात होता. ब्रेकवर पाय पडला रे पडला, की तो हात आडवा सुटायचा आणि शेजारच्याला सीटला चिकटवून टाकायचा. "माणूस शेजारी असताना माणसाला पट्ट्यानं बांधायचं व्हय?" असं ते म्हणत. आता मी मुळात दचकणारा माणूस. शहरात, उस्मानपुऱ्याच्या गजबजाटात आयुष्य गेलं, तरी शेजारचा कुकर वाजला की मला अजून धस्स होतं. सोयरीक ठरली त्याच दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसलो. सिग्नलला ब्रेक लागला, आणि काय झालं ते कळायच्या आत माझ्या खिशातलं शाईचं पेन मोडून नवा कोरा शर्ट निळा झाला होता. व्याही शांतपणे म्हणाले, "वाचलात." अशा घरात मुलगी द्यावी का, हा प्रश्न मला घरी पोचेपर्यंत छळत होता.

बरं, हा हात गाडीपुरता असता तरी चाललं असतं. पण त्याला गाडी आणि घर यातला फरक कळत नसे. टीव्हीवर एखादी मोटार करकचून थांबली, की सोफ्यावर शेजारी बसलेल्याला फटका ठरलेला. एकदा एसटीत त्यांनी एका अनोळखी म्हाताऱ्याला असं दाबून धरलं, की तो बिचारा आधी आपला खिसा चाचपू लागला. मुलीच्या लग्नात सगळे फोटोसाठी दाटीनं उभे होतो, मागं कुणाच्या तरी हातून पातेलं पडलं, आणि अल्बममध्ये आज व्याह्यांचा हात माझ्या मेव्हण्यांच्या छातीवर कायमचा छापलेला आहे. मेव्हण्यांचे डोळे त्या फोटोत नवरीपेक्षा मोठे आलेत. त्यामुळं त्यांच्या घरी एक रीतच पडून गेली होती. व्याह्यांच्या डावीकडं बसणाऱ्यानं चहाचा कप पलीकडच्या, म्हणजे आपल्या डाव्या हातात धरायचा. नव्या पाहुण्याला विहीणबाई कपाबरोबरच हे सांगत. मी तर इतका सरावलो होतो, की माझ्या स्वतःच्या घरीही डाव्या हातानं चहा प्यायला लागलो, आणि आमची ही त्यावरून मला चारचौघांत बोलायची.

अशा माणसाचा गेल्या उन्हाळ्यात फोन आला. "पाव्हणं, या. गाडीला खांद्यावरून घ्यायचे पट्टे बसवलेत." मला वाटलं, कुणीतरी आवाज काढून थट्टा करतंय. जाऊन पाहतो तर खरंच दोन पट्टे! भंगारातल्या कुठल्याशा मोटारीचे काढून आणलेले. केबिनची मागची काच काढून त्यांनी पट्ट्याची वरची टोकं थेट मागच्या हौद्याच्या लोखंडी चौकटीला आवळली होती. मी भीत भीत विचारलं, "हौद्याला का?" तर म्हणाले, "केबिनचा पत्रा लई पातळ. हौदा दीड टन कांदा पेलतो, तुमचं वजन ते काय!" या हिशेबात चूक काढणं मला जमलं नाही. आम्ही निघालो. गावाबाहेर पहिला खड्डा आला आणि केबिन पुढं झुकली, हौदा मागं राहिला, आणि पट्ट्यानं मला असं काही मागं खेचलं, की तो माझ्या मानेतच रुतला. खड्डा गेला, पट्टा सुटला. दुसरा खड्डा आला, पुन्हा खेचलं. आपल्याकडच्या रस्त्यांवर खड्ड्यांची वाट पाहावी लागत नाही. व्याह्यांनाही तसेच हिसके बसत होते, पण हार मानतील तर ते व्याही कसले! "कसा... धरतो... बघा!" ते अडखळत म्हणाले. परत त्यांच्या घरी उतरलो तेव्हा माझ्या मानेवर बोटभर रुंद वळ उठला होता.

मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो. विहीणबाईंपुढं मी एरवी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढला. "अहो, हे काय खूळ घेतलंय यांनी? मारतील एखाद्याला!" विहीणबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला. कपाळावर चार टाके होते. न्हाणीत पाय घसरला असं आम्हाला कळवलं होतं, ते हेच. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घसरले नाय मी, दादा. गाडीपुढं कुत्रं आलं. यांनी ब्रेक मारला, पण हात आलाच नाय." व्याह्यांच्या डाव्या खांद्यातली शीर तुटली होती, कधीची कोण जाणे. गिअर टाकण्यापुरता हात चालायचा, पण छातीइतका वर जात नव्हता, आणि आता जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं. मी तिथंच पाटावर बसलो. इतकी वर्षं ज्या हाताला मनातल्या मनात शिव्या दिल्या, तो गेला होता आणि मला पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना गाडीसकट आमच्या भागातल्या गॅरेजच्या मिस्त्रीकडं नेलं. मिस्त्रीनं हौद्याला बांधलेले पट्टे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "चचा, केबिन अलग हिलता, हौदा अलग हिलता. दोनों को बांधे तो बीच का आदमी मरता ना!" व्याही उलटून बोलतील म्हणून मी सावरून बसलो, पण ते नुसतं म्हणाले, "मग तू सांग भाऊ, कसं करायचं. आमच्या हिला आता काय होता कामा नाय." मिस्त्रीनं त्याच्या ओळखीतून नवे पट्टे मागवले, दारामागच्या खांबात खांद्याच्या उंचीवर आतून जाड लोखंडी पट्टी घालून बोल्ट बसवला, खालची टोकं तळाशी तशाच लोखंडी पट्ट्यांवर आवळली. व्याही दिवसभर तिथून हलले नाहीत. प्रत्येक बोल्ट आवळला की उजव्या हातानं सगळं अंग टाकून पट्टा ओढून पाहत होते.

संध्याकाळी आम्ही शेंद्र्याकडं निघालो. जालना रोडला एक मोटारसायकल उलट्या बाजूनं समोर आली आणि व्याह्यांनी करकचून ब्रेक मारला. मी डोळे मिटून छाती आत घेतली, वर्षानुवर्षं घेत आलो तशी. पट्ट्यानं मला अलगद धरलं. फटका मात्र आला नाही. डोळे उघडले तेव्हा व्याही स्वतःच्या डाव्या हाताकडं बघत होते. तो गिअरवरून सुटून माझ्या मांडीपर्यंत आला होता आणि तिथंच अडकला होता. "लागलं नाय ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

परवा त्यांच्या ओट्यावर चहा घेत बसलो होतो. मी त्यांच्या डावीकडं, कप माझ्या डाव्या हातात. ते त्या कपाकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, आता प्या की सरळ उजव्या हातानं. नाय सांडत."

"तुमचा काय भरवसा?" मी म्हणालो.

ते थोडं सरकून माझ्या जवळ बसले. मी चहा डाव्या हातानंच संपवला.